परत आलेला डबा

नमस्कार श्रोतेहो.

संध्याकाळची साडेपाच-सहाची वेळ. मूल शाळेतून येतं, दप्तर सोफ्यावर फेकतं, आणि आई आधी काय करते? दप्तराची चेन उघडून डबा बाहेर काढते. हातात घेतल्या घेतल्या तिला कळलेलं असतं. वजनावरून, नाहीतर हलवल्यावर आत काही खुळखुळतं का त्यावरून. "पोळी का राहिली रे?" हा प्रश्न झाकण उघडायच्या आधीच सुटतो. उत्तरही ठरलेलंच. "वेळच नाही मिळाला."

हे तुम्हाला पुण्याचं वाटेल. पण हे सगळं मी शिकले टोकियोत. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं निशी-कासाईला राहत होतो. टोझाई मेट्रोवरचं स्टेशन, एदोगावा वॉर्डातली वस्ती, आसपास इतकी भारतीय कुटुंबं की डाळ-तांदूळ-मसाल्याला वणवण करावी लागत नाही. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्याला तिथल्या योचिएनमध्ये, म्हणजे बालवाडीत घातलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात सूचनांचा कागद पडला. डब्याची पिशवी कापडी हवी, नाडीची हवी, आणि तिची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये दिलेली! शिवणयंत्राला मी लग्नानंतर हात लावला नव्हता.

जपानीत डब्याला बेन्तो म्हणतात. पण घरात, आईच्या तोंडी तो 'ओ-बेन्तो' असतो. हा 'ओ' मानाचा. आपण 'डबेराव' म्हणावं, तसं. मला आधी गंमत वाटायची. नंतर कळलं की डबेरावांचा थाट खराच आहे.

पहिल्या दिवशी मी आपली पोळी-भाजी दिली. मेथीची, हळद-हिंगाची फोडणी घालून. संध्याकाळी डबा आला तो जवळजवळ भरलेला. पोळीचा पापड झालेला, आणि पांढऱ्याशुभ्र झाकणाच्या आतल्या बाजूला हळदीचा गोल डाग. बरोबर संपर्कवही. तिथे शिक्षिका आणि आई रोज एकमेकींना त्या वहीतून लिहितात. त्या दिवशी अतिशय नम्र भाषेत लिहिलं होतं की आज त्याने अर्धा डबा खायचा खूप प्रयत्न केला. श्रोतेहो, जपानी नम्रता काय असते ते त्या एका ओळीत मला कळलं. कान लाल झाले माझे.

मग शेजारच्या एका आईने मला शिकवलं. तिच्याकडे तामागोयाकीचा, म्हणजे अंड्याच्या गुंडाळीचा, चौकोनी तवा होता. अंडी फेटायची, त्यात थोडी साखर, चिमूटभर मीठ. टोकियोकडे हे गोडसर करतात, ओसाकाकडे त्यात मासळीच्या अर्काचं पाणी घालतात. तव्यावर पातळ थर ओतायचा, वरून अजून ओलसर आहे तोवर चॉपस्टिकने गुंडाळायचा, गुंडाळी तव्याच्या एका कडेला सारायची. रिकाम्या जागेवर तेलाचा बोळा फिरवायचा. पुन्हा थर ओतायचा, आणि हे महत्त्वाचं, गुंडाळी जरा उचलून तिच्याखालीही ओतायचा. असे तीन-चार थर. कापली की सुरळीच्या वडीसारखी आतली वळणं दिसतात. माझी पहिली गुंडाळी उशीसारखी फुगली आणि मधूनच फुटली. ती म्हणाली, "खालची बाजू वर करून ठेव, झालं!"

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती आपल्या सवयीच्या अगदी उलटी. डबा गरम भरायचा नाही. भात पसरून गार करायचा, सगळं पूर्ण निवलं की मगच झाकण. नाहीतर आत वाफ धरते, पाणी सुटतं, अन्न आंबतं. बेन्तो गारच खायचा असतो, त्याचा विचारच तसा केलेला असतो. त्यांचा आखूड दाण्याचा चिकट भात गार झाला तरी मऊ राहतो. आपला आंबेमोहोरही बऱ्यापैकी राहतो, पण बासमतीचे खडे होतात. आपल्या डबेवाल्यांची सगळी धाव दुपारी घरचं ऊन ऊन पोचावं म्हणून, आणि इथे सकाळी सहाला आई वर्तमानपत्राने भाताला वारा घालतेय! पहिले काही दिवस मला ते जिवावर यायचं. लेकराला गार भात?

तो डबा होता किती? २८० मिलीलीटर. दोन वाट्या म्हणा फार तर. त्यात भात, अंड्याची गुंडाळी, उकडलेली ब्रोकोली, अर्धा चेरी टोमॅटो आणि सफरचंदाचा ससा. हा ससा म्हणजे सफरचंदाची फोड. तिच्या सालीला इंग्रजी व्हीसारखा छेद द्यायचा, मधली साल काढायची, दोन टोकं कान म्हणून उभी राहतात. मिठाच्या पाण्यात बुडवली की काळी पडत नाही. काही आया तर समुद्री शेवाळाच्या कागदाचे डोळे-भुवया कापून भातावर अख्खं कार्टून उभं करायच्या. त्याला क्याराबेन म्हणतात. मी सशावर थांबले.

डबा मात्र रिकामाच परत यायला हवा. मूल शेवटचं शीत संपवेपर्यंत शिक्षिका शेजारी बसून "गाम्बाते" म्हणत राहायच्या. म्हणजे, हिंमत धर. ब्रोकोलीच्या एका तुऱ्यासाठी हिंमत! अ‍ॅन अ‍ॅलिसन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आहेत. त्यांचा मुलगाही जपानी बालवाडीत होता, आणि १९९१ साली त्यांनी याच डब्यावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की हा डबा म्हणजे नुसती माया नाही. डबा नीट संपवण्यातून मूल शिस्त शिकतं आणि डबा नीट भरण्यातून आई 'चांगली आई' असल्याची परीक्षा देते. दोघांवरही शाळेची नजर. मला हे पटतं. पहाटे उठून ससे कापणाऱ्या बायकांमध्ये मी एकही बाप पाहिला नाही, हेही सांगून टाकते. पण पटूनही मी ससे कापतच होते. का, ते मला नीटसं सांगता येणार नाही.

त्याच सुमारास मुलाबरोबर मी 'माय नेबर टोटोरो' पाहिला. हायाओ मियाझाकींचा १९८८ चा अ‍ॅनिमेशनपट. लोकांना त्यातला तो भला मोठा केसाळ टोटोरो आठवतो, मला डबा आठवतो. आई दवाखान्यात आहे, दोन मुली बाबांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला आल्यात. सकाळी बाबा उशिरा उठतात आणि बघतात तर थोरली सात्सुकी स्वयंपाकाला लागलेली. आजपासून तिला शाळेत डबा न्यायचा आहे. बाबा म्हणतात, अरे देवा, विसरलोच! ती म्हणते, असू दे, मी सगळ्यांचेच करतेय. भातावर गुलाबी रंगाचा गोडसर मासळीचा चुरा, हिरवे दाणे, मधोमध लाल उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, बाजूला भाजलेला छोटा मासा. आई घरात नाही म्हणून कोणी डोळे पुसत नाही. नुसता डबा दाखवतात, तोही घाई न करता. धाकटी मेई तो गळ्यात अडकवून बागेत जाते आणि थोड्याच वेळात खिडकीशी येऊन बाबांना विचारते, डबा खायची वेळ झाली का? माझा मुलगा खदाखदा हसला. त्याचाही डबा शाळेच्या बसमध्येच उघडायचा असायचा.

प्राथमिक शाळेत गेला आणि डबा सुटला. जपानच्या सरकारी प्राथमिक शाळांत जेवण शाळेतच मिळतं. याची सुरुवात १८८९ साली यामागाता प्रांतात त्सुरुओकाच्या एका देवळातल्या शाळेत झाली, गरीब मुलांसाठी. भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचं. १९५४ साली त्याचा कायदा झाला. त्यामुळे तिथे डबा रोजचा राहत नाही. तो सहलीला आणि क्रीडादिनाला येतो, आणि पुढे हायस्कूलची तीन वर्षं पुन्हा रोज. तोवर मूल पंधरा-सोळाचं झालेलं असतं, त्याला आईच्या डब्याची लाज वाटायला लागते. 'तपकिरी डबा' असा शब्दच आहे त्यांच्याकडे. म्हणजे कालच्या उरलेल्या शिजवलेल्या भाज्या, सोया सॉसने सगळं तपकिरी झालेलं, फोटोत दिसायला अगदीच बापुडवाणं. मुलं झाकण आडवं धरून खातात. आपल्याकडे शेपूच्या भाजीच्या दिवशी धरायची तसं! आणि मार्चमध्ये शाळा संपते त्या दिवशी यांतलंच एखादं मूल रिकाम्या डब्यात चिठ्ठी ठेवून आणतं. दोन ओळींची. आई ती फ्रिजवर लावते.

एक डबा मात्र मला त्या दिवसांत हिरोशिमाला दिसला, त्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. युद्धाच्या काळात जपानी डबा अगदी रोडावला होता. १९३९ पासून दर महिन्याच्या एक तारखेला लोकांनी हिनोमारू बेन्तो खावा असा दंडक होता. पांढरा भात आणि मधोमध एक उमेबोशी, जपानी झेंड्यासारखा. उमेबोशी इतकी आंबट की वर्षानुवर्षं तिने अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाला भोक पडायचं. पुढे तो पांढरा भातही मिळेना. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात शिगेरू ओरिमेन या मुलाचा डबा ठेवलाय. तो तेरा वर्षांचा, माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षात. शहरातली घरं पाडायच्या कामाला मुलांना लावलं होतं, त्यासाठी ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी तो निघाला. तांदूळ, जव आणि सोयाबीन एकत्र शिजवलेले, आणि बटाट्याची परतलेली भाजी. नवी जमीन खणून घरच्यांनी काढलेलं ते पहिलं पीक. डब्यात ते आहे म्हणून पोरगा खुशीत गेला होता. आई त्याला शोधत फिरली, तेव्हा तो सापडला डब्यावर ओणवा झालेला. डबा पोटाशी धरलेला.

काचेच्या पलीकडे तो डबा आहे. आत सगळ्याचा कोळसा झालाय. मी बराच वेळ उभी होते आणि मनात येऊ नये तेच येत होतं, की हा भरलेलाच परत आला.

श्रोतेहो, आता दुसरीकडे जाऊया. शिकोकू बेटावर कागावा प्रांत आहे, जाड उदोन नूडल्ससाठी प्रसिद्ध. तिथल्या ताकिनोमिया प्राथमिक शाळेत २००१ साली ताकेशिता काझुओ या मुख्याध्यापकांनी 'बेन्तो-नो-ही' सुरू केला. डब्याचा दिवस. पाचवी-सहावीच्या मुलांनी काय करायचं ते स्वतः ठरवायचं, स्वतः बाजारहाट करायची, शिजवायचं, डबा भरायचा, भांडीही घासायची. पालकांना एकच विनंती, मदत करू नका. हीच सगळ्यांत अवघड होती म्हणे! सुरी लागेल, गॅस आहे, भाजेल. आया स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत असणार, मला डोळ्यांसमोर दिसतात. पुढे ही कल्पना जपानभरच्या शेकडो शाळांनी उचलली.

पुण्याला परत आल्यावर मी हे घरी सांगितलं, आणि मुलाने मनावर घेतलं. तेव्हा तो सहावीत होता. एका शनिवारी, मला ऑफिस आणि त्याला सुट्टी, तो साडेपाचला उठला. चौकोनी तवा आम्ही बरोबर आणला होता. मला आत यायला बंदी. बाहेरून मी वासावरून अंदाज घेत होते, एकदा तेल जळलं, एकदा काहीतरी खाली पडलं आणि पाठोपाठ "काही नाही, काही नाही" असा आवाज आला. भेंडीची भाजी, दोन पोळ्या आदल्या रात्रीच्या, आणि गुंडाळलेलं अंडं, करपलेली बाजू खाली ठेवलेली. डबा त्याचाच, २८० मिलीलीटरचा. हळदीचा डाग अजून तसाच आहे त्याला.

ऑफिसात त्या दिवशी मीटिंगवर मीटिंग. संध्याकाळी घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्याने माझी पर्स घेतली, डबा काढला आणि कानाशी नेऊन हलवला.

"भेंडी का राहिली गं?"

"वेळच नाही मिळाला रे," मी म्हटलं.