अंगण धरून घर

नवी मुंबईतलं बेलापूर. पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी ‘आर्टिस्ट व्हिलेज’ नावाची वस्ती आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८३ ते १९८६ या काळात ती उभी केली. सुमारे साडेपाचशे कुटुंबं. एवढ्या माणसांसाठी उंच इमारती बांधता आल्या असत्या. कोरियांनी प्रत्येकाला जमिनीवर घर दिलं आणि डोक्यावर स्वतःचं आभाळ.

भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे. गरिबाच्या आणि सधनाच्या जागेत फरक तेवढाच. सुरुवातीला त्यावर विटांच्या भिंती, उतरतं कौलारू छप्पर, मोरी-संडास आणि अंगण.

अंगणामुळे लहान घराला किती जागा मिळते, ते इथे नीट पाहावं. धान्य निवडणं, वाळवणं, मुलांचा अभ्यास, उन्हाळ्यात रात्री अंथरूण टाकणं, एवढं बाहेर गेलं की आतली एकच खोली दिवसभरात तीन-चार कामांना पुरते. त्या जागेला स्लॅब लागत नाही, पंखाही लागत नाही. पावसाळ्यात मात्र पडवी हवीच. खोली आणि अंगण यांच्यामध्ये छपराची थोडी सावली सोडली नाही, तर जून उजाडताच दार लावून बसावं लागतं.

अंगणाच्या पुढे चौक. सात घरांमध्ये आठ बाय आठ मीटरचा. असे तीन गट, म्हणजे एकवीस घरं, मिळून बारा बाय बाराचा. लहान पोर दारातून सुटलं, तरी सात घरांच्या नजरेतच राहतं.

घर वाढणार, हे धरूनच आखणी झाली. राहत्या खोल्यांच्या भिंती शेजाऱ्याशी सामायिक नाहीत. हातात पैसा आला की गवंडी बोलवायचा आणि शेजाऱ्याला धक्का न लावता खोली काढायची. पुढे अनेकांनी जुनं घर पाडून बंगले बांधले. माणसं सुधारली की घरं बदलणारच, त्याचं दुःख नाही. जीव तुटतो तो अंगणावर स्लॅब पडलेला दिसला की. एक खोली वाढते, पण वाऱ्याची वाट बुजते आणि भरदुपारी दिवा लावावा लागतो.

सात घरांचे चौक टिकलेत. ते कुणा एकाचे नाहीत, त्यामुळे एकट्याला तिथे भिंत घालता येत नाही.