कवडीची चकाकी

श्रोतेहो, नमस्कार.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, आरंभीच पैशाचं कोष्टक येतं. २० वराटकांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण आणि १६ पणांचा एक द्रम्म. वराटक म्हणजे आपली कवडी. हिशेब करून पाहा, एका द्रम्माला १२८० कवड्या! ‘फुटकी कवडी देणार नाही’ असं आपण रागानं म्हणतो ना, तेव्हा हेच जुनं चलन आपल्या तोंडी येतं.

हा पैसा टांकसाळीत पडत नव्हता, समुद्रात वाढत होता. त्याचं मोठं आगर म्हणजे मालदीवची बेटं. १३४३-४४ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथे काझी होता. समुद्रातून काढलेल्या कवड्या किनाऱ्यावर खड्ड्यांत टाकतात, आतलं मांस कुजून जातं आणि पांढरं कवच उरतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन त्या नेत. पुढे याच कवड्या युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत गेल्या आणि त्यांच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली गेली. मला हे वाचताना फार त्रास झाला.

पण खड्ड्यात कुजून गेला तो जीव कोण होता? कवडी ही गोगलगायच, समुद्रातली. तिच्या कुळात सुमारे अडीचशे जाती आहेत. त्यांतल्या बहुतेक उष्ण समुद्रांत, प्रवाळाच्या आसपास राहतात. दिवसा कपारीत लपायचं आणि रात्री चरायला निघायचं, असा त्यांचा क्रम. पिल्लू असताना कवच पातळ, तोंड रुंद आणि टोकाला वेटोळं असतं. तुम्हाला ती कवडी म्हणून ओळखूच येणार नाही. मोठी झाली की तोंडाची कड आत वळते, तिच्यावर दात उमटतात. त्यानंतर कवच लांबीला वाढत नाही, जाड मात्र होत जातं.

आणि ती चकाकी! जिवंत कवडी दोन्ही बाजूंनी मऊ कातडीचा पदर पाठीवर ओढून घेते. हा पदर कवचावर नवा थर चढवतो आणि त्याला ओरखड्यांपासून जपतो. काही जातींच्या पाठीवर एक फिकट रेघ दिसते, तिथे दोन पदर भेटतात.

लाटांनी वाळूत घासत आणलेली कवडी निस्तेज होते. म्हणून किनाऱ्यावरच्या दुकानात आरशासारखी चमकणारी कवडी दिसली, की मी हात मागे घेतो. ती बहुधा जिवंतपणीच पकडलेली असते. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या माळेतली कवडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असू शकते. दुकानातल्या शोभेच्या ढिगाचं तसं नाही.

कवडीची मादी अंडी घातली की त्यांच्यावर बसून राहते, पायाखाली झाकून. तिला उचललं, की ती अंडी उघडी पडतात.