कोचच्या पगाराआधी कोचचा करार वाचा

मंडळी, अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाने 2024 मध्ये अमेरिकन फुटबॉलचा कोच कर्बी स्मार्टचा करार वाढवला आणि वर्षाचा आकडा 1.3 कोटी डॉलरवर गेला. तो ऐकून लोक संतापतात. मला मात्र वाटतं, वार्षिक आकड्याचं समर्थन कधी कधी करता येतं. करारातल्या हमीचं, म्हणजे कोचला मधेच काढलं तरी उरलेले पैसे द्यायच्या वचनाचं, करता येत नाही.

समर्थनाची बाजू आधी घेऊ. ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या गटाने 2022 मध्ये सामन्यांचे टीव्ही हक्क विकले, ते सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरहून अधिक रकमेला. कोच निक साबन 2007 साली अलाबामा विद्यापीठात आला तेव्हा तिथे सुमारे 25 हजार विद्यार्थी होते, 2015 पर्यंत 37 हजार झाले. पण तिथले अध्यक्ष रॉबर्ट विट 2003 पासूनच विद्यार्थिसंख्या वाढवायच्या मागे होते. सगळं श्रेय कोचच्या खात्यावर मांडणं चूक ठरेल.

‘बाजारभावच तेवढा आहे’ हा युक्तिवाद तर मला अजिबात पटत नाही. नव्वदच्या दशकात एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतले विद्यापीठीय खेळ चालवणाऱ्या संघटनेने, काही सहायक कोचच्या कमाईवर वर्षाला 16 हजार डॉलरची मर्यादा घातली. 1998 मध्ये अपील न्यायालयाने ती बाजारातल्या स्पर्धेला मारक ठरवली. खेळाडूंना मात्र विद्यापीठाने थेट पैसे द्यायची मुभा मिळाली जुलै 2025 मध्ये, तीही पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला 2.05 कोटी डॉलरच्या मर्यादेत. म्हणजे जो पैसा मैदानावर राबणाऱ्या पोरांना देता येत नव्हता, तो इतकी वर्षं कोच, स्टेडियम आणि अधिकारी यांच्याकडे वळत राहिला. हा कसला खुला बाजार?

आता करार बघा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2017 मध्ये कोच जिम्बो फिशरला दहा वर्षांचे 7.5 कोटी डॉलर पूर्ण हमीने दिले. 2020 चा एक हंगाम चांगला गेला आणि 2021 मध्ये, मूळ कराराची सहा वर्षं शिल्लक असताना, मुदत 2031 पर्यंत वाढवली, पगारही वाढवला. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याला काढलं तेव्हा देणं निघालं सुमारे 7.6 कोटी डॉलर. त्यातले जवळजवळ 1.9 कोटी साठ दिवसांत, उरलेले 2031 पर्यंत दरवर्षी. वर ऑफसेटचं कलमच नव्हतं, म्हणजे त्याला दुसरीकडे नोकरी लागली तरी ही रक्कम एका डॉलरनेही कमी होणार नव्हती.

सह्या करणारे कुठे गेले? मूळ करार करणारे क्रीडा संचालक स्कॉट वुडवर्ड 2019 मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) गेले. 2021 ची वाढ त्यांच्या जागी आलेल्या रॉस बियॉर्क यांच्या काळात झाली. ते 2024 मध्ये ओहायो स्टेटला गेले. वुडवर्ड यांनी एलएसयूत कोच ब्रायन केलीला दहा वर्षांचे 9.5 कोटी डॉलर दिले. ऑक्टोबर 2025 मध्ये केलीला काढलं, देणं सुमारे 5.4 कोटी, आणि काही दिवसांत वुडवर्डही गेले. प्रशासकांच्या पगाराचा प्रश्न इथे येतो. लाखो डॉलर घेणारा माणूस चुकीच्या सहीची झळ स्वतः सोसत नसेल, तर तो पगार कशाचा?

‘हे देणगीदारांचे पैसे’ म्हणतात, तेही अर्धंच खरं. एनसीएएच्याच हिशेबात 2019 मध्ये खेळातून खर्चाहून जास्त कमावणारी विद्यापीठं फक्त 25 होती. बाकीच्या अनेक ठिकाणी तूट विद्यापीठाच्या निधीतून किंवा विद्यार्थ्यांच्या फीमधून भरतात. आपली मुलं तिकडे शिकतात, त्यांनी फीच्या पावतीत ‘ॲथलेटिक्स फी’ शोधावी. काही ठिकाणी ती ‘स्टुडंट फी’च्या एकूण रकमेत मिसळलेली असते.

विश्वस्त मंडळांनी निदान एवढं करावं: हमी पहिल्या दोन-तीन वर्षांपुरतीच ठेवावी, बायआउट, म्हणजे मुदतीआधी काढल्यास द्यायचा पैसा, दरवर्षी उतरता ठेवावा, ऑफसेट आणि नवी नोकरी शोधायची अट सोडूच नये. तीनपेक्षा जास्त वर्षं शिल्लक असताना मुदतवाढ देऊ नये. आणि क्रीडा संचालकाच्या बोनसचा काही भाग, त्याने नेमलेल्या कोचचा करार संपेपर्यंत, राखून ठेवावा.