रस्ता आणि रस्ता रंगवणारा

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरून चित्र दाखवता येत नाही. पण आजचं चित्र सांगायला सोपं आहे, कारण त्यात जवळजवळ काहीच नाही. एक रुंद कच्चा रस्ता, निमुळता होत होत क्षितिजाला टेकलेला. त्याच्या कडेकडेने, चालून चालून पडलेल्या पाऊलवाटा. सपाट माळ. वर राखाडी, जड आभाळ. वाटेकडेला छोट्या छपराखालचा एक क्रूस आणि त्याच्याजवळ गाठोडं घेतलेली एक बाई, इतकी लहान की पहिल्या नजरेत ती सुटतेच. बस.

हे चित्र रशियन चित्रकार इसाक लेवितानचं, १८९२ सालचं. नाव ‘व्लादिमिरका’. ते नाव कळलं की तोच रस्ता वेगळा दिसायला लागतो. आपल्याकडे अंदमान म्हणण्याऐवजी नुसतं ‘काळं पाणी’ म्हणायचे ना, तसंच हे. मॉस्कोहून पूर्वेला व्लादिमीर शहराकडे जाणारा हा रस्ता. पायात बेड्या घातलेल्या कैद्यांना याच रस्त्याने सैबेरियाकडे चालवत नेत. लेवितानने तो रंगवला तेव्हा कैदी रेल्वेने जाऊ लागले होते आणि रस्ता ओस पडला होता.

त्या उन्हाळ्यात तो व्लादिमीर प्रांतातल्या एका खेड्यात राहत होता. शिकारीहून परतताना तो आणि त्याची चित्रकार मैत्रीण सोफिया कुवशिन्निकोवा या रस्त्यावर आले. आधी दोघांना देखावा नुसता छान वाटला. हा कुठला रस्ता ते मग लक्षात आलं. तिनेच ही आठवण लिहून ठेवली आहे.

दुसऱ्या कुणी इथे साखळदंड रंगवले असते, शिपाई, रडणाऱ्या बायका. त्या काळात गावोगाव फिरती प्रदर्शनं भरवणाऱ्या रशियन चित्रकारांची तशी चित्रं गाजलेलीही होती. लेवितानने त्यांच्याच प्रदर्शनांत चित्रं मांडली, पण कैदी वगळले आणि त्यांच्या पायांनी पडलेल्या वाटा तेवढ्या ठेवल्या. मला तरी हे त्या साखळदंडांपेक्षा जास्त लागतं.

आणि हद्दपारी म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. लेवितान ज्यू. गरीब घरातला, लहान वयात आईवडील गेलेले. १८७९ मध्ये, चित्रकलेचं शिक्षण चालू असतानाच, ज्यू म्हणून त्याला मॉस्को सोडावं लागलं. पुढे १८९२ मध्ये, म्हणजे ‘व्लादिमिरका’च्याच वर्षी, मॉस्कोतून हजारो ज्यूंना बाहेर काढलं जात होतं, त्यात पुन्हा त्याची पाळी आली. रशियाची माती त्याच्याइतकी कुणी रंगवली नसेल, आणि त्यालाच सांगितलं, निघ! मित्रांनी खटपटी केल्या तेव्हा परतता आलं. ‘व्लादिमिरका’ त्याने १८९४ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव कलादालनाला भेट देऊन टाकलं.

याच दालनात लेवितान स्वतःही भेटतो. १८९३ मध्ये त्याचं व्यक्तिचित्र काढलं त्याचा चित्रकार मित्र वालेन्तीन सेरोवने. सेरोव त्याच्याहून चार-साडेचार वर्षांनी लहान. बाविसाव्या वर्षी त्याने टेबलापाशी बसलेली, हातात पीच धरलेली गुलाबी झग्यातली एक मुलगी रंगवली होती. त्या बिचारीला त्यासाठी महिन्याहून जास्त दिवस बसवलं! पण चित्र असं की वाटावं, पोर आत्ता खेळता खेळता येऊन टेकली आहे आणि पुढच्या क्षणी पळणार आहे.

लेवितानच्या व्यक्तिचित्रात मात्र त्या मुलीच्या चित्रातलं ऊन नाही. अंधारी पार्श्वभूमी, उजेड काय तो चेहऱ्यावर आणि खुर्चीच्या पाठीवरून खाली सुटलेल्या हातावर. दाढी, खोल डोळे. कुंचला नाही, रंगांची पाटी नाही, कॅनव्हास नाही. चित्रकाराचं चित्र, पण तो चित्रकार आहे हे सांगणारी एकही वस्तू सेरोवने ठेवलेली नाही. तो नुसता सैल सुटलेला हात तेवढा आहे. ‘व्लादिमिरका’त कैदी नसावेत, तसंच हे. दोघे मित्र एकमेकांकडून काय शिकले असतील ते असो, पण काय वगळायचं हे दोघांनाही कळत होतं.

सेरोव पुढे झारचंही व्यक्तिचित्र काढण्यापर्यंत पोचला. आणि १९०५ मध्ये पीटर्सबर्गच्या रस्त्यावर निःशस्त्र लोकांवर सैनिक घातलेले डोळ्यांनी पाहिल्यावर त्याने कला अकादमीचं सदस्यत्व सोडलं.

लेवितान तोवर राहिला नव्हता. त्याचं हृदय दुबळं होतं. लेखक चेखव त्याचा जुना दोस्त. मध्यंतरी चेखवच्या एका कथेत स्वतःची छटा दिसल्यामुळे त्याने जवळजवळ तीन वर्षं अबोला धरला होता, मग तो मिटला. १८९९ च्या अखेरीस लेवितान त्याला भेटायला काळ्या समुद्राकाठच्या याल्टा गावी गेला. क्षयाने बेजार झालेला चेखव त्या समुद्रकाठी अडकून पडलेला, उत्तरेकडच्या आपल्या रानांसाठी झुरत होता. लेवितानने पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला आणि त्यावर चांदण्या रात्रीचं शेत रंगवलं, गवताच्या गंजींसकट. तो तुकडा चेखवच्या शेकोटीवरच्या कोनाड्यात बसवला गेला. पुढच्याच उन्हाळ्यात, चाळिशी पुरी व्हायच्या आधी, लेवितान वारला. याल्टाच्या त्या घराचं नंतर संग्रहालय झालं, आणि त्या गंजी त्या कोनाड्यातच राहिल्या.