फर्मा, दोरा आणि खळ

(दृश्य: गोव्यात फोंड्याजवळचं छापखान्याचं घर, मागला चौक. एका बाईचे, काकींचे हात, अगदी जवळून.)

हा सोळा पानी फर्मा, म्हणजे सोळा पानं छापलेला एकच मोठा कागद. उलगडून ठेवला तर पानांचा काही मेळ लागत नाही. १ च्या शेजारी १६, आणि त्यांच्या डोक्याला डोकं लावून ८ नि ९ उलटे. तीन घड्या पडल्या की सगळी मुकाट्यानं रांगेत येतात. पहिल्या घडीला कडा हुकली तर तिसऱ्या घडीला मजकूर तिरका गेलाच म्हणून समजा. काकींचा अंगठा कडेवरून एकदा फिरतो. मग करवंटीचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा घडीवरून जातो.

आता टोचा. मधोमध एक भोक, वर एक, खाली एक. सुई मधल्यातून बाहेर, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. आतल्या लांब दोऱ्याला कवेत घेऊन गाठ.

(निवेदन नाही. दोरा ओढल्याचा आवाज.)

चतुर्थीच्या आधी आरतीच्या पुस्तकांची घाई असायची. छापखाना पुढच्या खोलीत, घरच्या बायका इथं मागे. नेवऱ्या तळणारीनं कागदाला हात लावायचा नाही, ही वाटणी जावाजावांत आधीच ठरलेली. नव्या सुनेला पहिल्यांदा खळ शिजवायला शिकवत. मैदा थंड पाण्यात कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तो विषारी, म्हणून त्याचं भांडं वेगळं.

(दृश्य: जुने गोवे, सेंट पॉल कॉलेजची उभी राहिलेली कमान.)

भारतातला पहिला छापखाना इथं उतरला, १५५६ मध्ये. खरं तर तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. तो चालवणाऱ्या जुआंव द बुश्तामांतीचं नाव इतिहासाला पाठ आहे. १६१६ मध्ये गोव्यातल्याच राशोलला फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन, कारण देवनागरी खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, नव्हती. पुढे छपाई थंडावली, ती १८२१ मध्ये सरकारी छापखान्यापासून पुन्हा सुरू झाली. यंत्र कुठून आलं, कुणी आणलं, कुणी चालवलं हे सगळं नोंदलेलं. छापलेला कागद पुढं कुणाच्या हाती गेला, तिथं नोंद संपते.

(दृश्य: कापडी बांधणीची हिशेबवही.)

ही या घरची वही. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचा पगार आहे, मशीनमनचा आहे. शाई, रॉकेल, दोऱ्याची रिळं. मैदासुद्धा आहे, शेरावर. खळ शिजवणारी नाही, शिवणारी नाही. मालकांचा यात काही दुष्टावा नव्हता. घरच्या बाईला पैसे कशाला द्यायचे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

फ्लॉरेन्समध्ये, गोव्याच्या ८० वर्षं आधी, १४७६ मध्ये सान याकोपो दी रिपोली या मठात छापखाना सुरू झाला. तिथं जोगिणी, म्हणजे नन, खिळे जुळवत. त्यांची नोंद आहे, आणि ती सापडते ती हिशेबवहीतच.

(दृश्य: लाकडी केस, खिळ्यांची घरं.)

छपाई झाली की खिळे रॉकेलनं धुवायचे, मजकूर मोडायचा आणि एकेक खिळा आपापल्या घरात टाकायचा. अक्षर आरशात दिसावं तसं उलटं. ‘घ’ ‘ध’च्या घरात पडला तर दुसऱ्या दिवशी जुळारी शिव्या घालणार. दुपारची जेवणं उरकल्यावर हे काम काकींच्या सासूबाई करत. लिहिता येत नव्हतं, पण शेकडो घरं हाताला पाठ होती. त्याला कुणी कसब म्हटलं नाही. आम्ही म्हणतो.

केडगावला मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी छापखानाच काढला. तिथल्या मुली खिळे जुळवत, छापत, बांधत. रमाबाईंनी मराठीत उतरवलेलं अख्खं बायबल तिथं छापून झालं, त्या गेल्यानंतर, १९२४ मध्ये.

पुस्तकाच्या शेवटी मुद्रकाचं नाव असतं. इथल्या पुस्तकांवर आधी काकींच्या सासऱ्यांचं, मग थोरल्या दिरांचं. काकींनी आपलं नाव या चित्रफितीतही घालू दिलं नाही. आम्ही ऐकलं, पण मनाविरुद्ध.

खिळ्यांशिवाय छापणारं ऑफसेट आलं, खिळे शिशाच्या भावानं विकले गेले, जुळारी दुसरीकडे गेले.

(दृश्य: पुढची खोली, संगणक.)

आता इथं काकींची भाची लग्नपत्रिका करते. पडद्यावरचं अक्षर ‘अडोबी देवनागरी’ या फॉन्टचं. ते घडवणाऱ्या तिघांत एक बाई आहे, फियोना रॉस. त्याआधी त्या छपाईची अक्षरं घडवणाऱ्या लायनोटाइप कंपनीत भारतीय लिप्यांचं काम पाहत. हे सांगितल्यावर भाचीनं माउस सोडला. ‘त्यांना मराठी येतं?’

त्यांचा प्रबंध बंगाली छापील अक्षरावर आहे, एवढं आम्हाला सांगता आलं. पत्रिका संध्याकाळी द्यायची होती, मुलाच्या मामाचं नाव अजून घालायचं राहिलं होतं.