आजोबांवर दोन पानं

नमस्कार, श्रोतेहो.

तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला घरातलं कुणीतरी उठतं आणि गेलेल्या माणसाबद्दल चार शब्द बोलतं. हे काम बहुधा एखाद्या नातवावर किंवा नातीवर येतं, तेही आदल्या रात्री. मग कागदावर उतरतं ते असं : 'आजोबा अतिशय प्रेमळ, मनमिळाऊ, हसतमुख होते. कुटुंबवत्सल पती, कर्तव्यदक्ष पिता...' यात खोटं काहीच नसतं. पण नाव बदललं की हाच मजकूर शेजारच्या आजोबांनाही चालतो. तो फक्त आपल्याच आजोबांचा कसा व्हावा, ते आज सांगायचं आहे.

लिहायला बसण्याआधी कपाट उघडा, आणि लवकर उघडा. बघता बघता कपडे वाटले जातात, कागद रद्दीत जातात. शर्टाच्या खिशातली डायरी, पोस्टाचं पासबुक, नोकरीचे कागद, दुधाचे खाडे मांडलेली जुनी कॅलेंडरं आधी बाजूला काढा. चौकोनात 'दूध अर्धा लिटर' आणि त्याखाली बारीक अक्षरात 'ही माहेरी' असं सापडलं, तर संसारावर वेगळा परिच्छेद लिहायची गरज उरत नाही.

मग तारखा. इथं हमखास चूक होते ती जन्मतारखेची. दाखल्यावर १ जून असेल तर लगेच विश्वास ठेवू नका. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराची तारीख बापाला सांगता यायची नाही, मास्तर वय अंदाजानं धरून १ जून टाकून मोकळे. अशी एक जूनवाली पिढीच्या पिढी आपल्याकडे आहे. पत्रिका असेल तर तिच्यातला शक बघा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८६२ मधला माघ हा १९४० चा नव्हे, १९४१ चा. शिवाय पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटे तीनला जन्मलेल्याच्या पत्रिकेतला वार आणि इंग्रजी कॅलेंडरातला वार जुळत नाही. पत्रिका नसेल तर गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. एवढं करूनही मेळ बसला नाही, तर 'कागदोपत्री १ जून' असं सरळ लिहा.

आता माणसं. आधी आजीकडे जा. 'आजोबा कसे होते?' असं विचारलंत तर 'चांगले होते रे' यापलीकडे काही मिळणार नाही. पहिलं बिऱ्हाड कुठं होतं? खोलीचं भाडं किती? पगार झाला की पैसे कुणाच्या हातात पडायचे? मूल आजारी पडलं की रात्री कोण जागायचं? असं विचारा. आजीला साल आठवत नसेल, पण 'पानशेतच्या पुराआधी का नंतर?' हे ती पटकन सांगेल. पानशेत १९६१, कोयनेचा भूकंप १९६७, मोठा दुष्काळ १९७२, गिरण्यांचा संप १९८२, किल्लारी १९९३. आपल्या भागातला खुंटा धरायचा आणि त्याच्या पुढं-मागं मोजायचं. आणखी एक : आयुष्यभर 'अहो' आणि 'हे' म्हणणाऱ्या आजीनं त्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात. तो उखाणा विचारून घ्या. जसाच्या तसा, जोडाक्षर न सुधारता.

मुलांना मात्र एकत्र बसवू नका. थोरला बोलतो, बाकीचे मान डोलावतात. एकेकट्याशी बोललात तर थोरल्याचा बाप आणि धाकट्याचा बाप ही दोन वेगळी माणसं निघतात. थोरला वाढला तुटपुंज्या पगारात, धाकटा वाढला तेव्हा हात जरा सैल झालेला. नातवंडांचे आजोबा तर तिसरेच. ज्यानं मुलाला पट्टीनं मारलं, तोच नातवाला खांद्यावरून उतरवत नाही. लिहिताना हे तिघं जुळवायच्या नादी लागू नका. शेजारी शेजारी ठेवा. लेकींना विसरू नका. सासरी गेल्या म्हणून त्यांच्या आठवणी गाळल्या जातात, आणि वर्तमानपत्रातल्या 'पश्चात परिवार आहे' मध्ये त्यांची नावंही. वाटणीचा विषय निघाला तर वही मिटा. त्याची जागा ही नव्हे.

जुने फोटो चौकटीतून किंवा अल्बममधून काढताना घाई केली की नुकसान ठरलेलं. काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढलात तर चेहरा काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधला निघत नसेल तर दात साफ करायचा दोरा (डेंटल फ्लॉस) पानाच्या आणि फोटोच्या मधून हळूहळू सरकवा. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की मोठा करूनही फाटत नाही. नावं मागे लिहायची ती मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मूळ फोटोला लॅमिनेशन तर मुळीच नको, कारण ते परत निघत नाही.

आवाजाची कॅसेट सापडली तर वाजवण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी वर काही भरलं जात नाही. व्हॉट्सॲपवरचे त्यांचे आवाजी निरोप फोन बदलण्याआधी वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या. 'पोचलास का? फोन कर.' एवढाच निरोप असला तरी.

आता लिहा. पाच मिनिटांना साडेपाचशे शब्द पुष्कळ झाले. जन्म-शिक्षण-नोकरी अशी यादी करायची तर पहिल्या चार ओळींत उरका. बाकीच्या जागेत तीनच गोष्टी घ्या, पण जवळून : सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पिशवी, त्यातली मेथी खाली आणि अंडी वर का असायची, इतक्या जवळून. 'प्रेमळ' हा शब्द आला की खोडा आणि त्यांनी काय केलं ते लिहा.

मोठ्यानं तीनदा वाचा. गळा दाटतो तो मृत्यूच्या वाक्याशी नव्हे, पिशवीसारख्या फुटकळ ठिकाणी, आणि पहिल्या वाचनातच कळतं कुठं ते. तिथं कागदावर तिरकी रेघ मारा, थांबा, पाणी प्या. टाइप केलंत तर अक्षर मोठं, सोळा पॉइंटचं ठेवा. आणि दोन प्रती काढा. दुसरी पहिल्या रांगेतल्या एखाद्या भावंडाच्या हाती द्या. तुम्हाला पुढं वाचवलं नाही, तर त्यानं उठून त्याच ओळीपासून सुरू करायचं. म्हणून दोन्ही प्रतींत ओळी एकाच शब्दावर तुटतात ना, हे आदल्या दिवशीच बघून ठेवा.

नमस्कार.