बरणी उन्हात नाही, कपाटात

(दृश्य : चोपड्याचा बाजार. टोपलीत जांभळं, वर कडुनिंबाचा पाला.)

जूनचा दुसरा आठवडा. सातपुड्याच्या पायथ्याची जांभळं बाजारात आली की हात आवरत नाही. पाऊस लागला की ती पाणचट होतात, म्हणून घाई. आम्ही अर्धा किलो घेतली. त्यातली निम्मी घरी पोचेपर्यंत संपली.

(दृश्य : ओटा. काचेची बरणी, शेजारी जिनचा खंबा.)

उरलेल्या पाव किलोत आज जिन मुरवायची आहे. मुरवायची हं, गाळायची नाही. घरी भट्टी लावणं हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. आपण दुकानातली बाटली आणतो, तीही वयाची 25 वर्षं पूर्ण असतील तर आणि परवान्यावर, आणि तिच्यात फक्त चव उतरवतो.

जिन म्हणजे बिनचवीचं मद्य आणि त्याला ज्युनिपरच्या फळांचा वास. आयुर्वेदातली हपुषा ती हीच. डच लोक त्या मद्याला 'येनेव्हर' म्हणायचे, इंग्रजांनी ते तोडून 'जिन' केलं. ज्युनिपरच्या खालोखाल बहुतेक जिनमध्ये काय असतं? धने. शिवाय लिंबूवर्गीय फळांची साल, कुठे वेलची, कुठे दालचिनीची बहीण. म्हणजे निम्मा मसाल्याचा डबा त्या बाटलीत आधीच आहे.

बरणी धुऊन ठणठणीत कोरडी करायची, हे लोणचं घालणाऱ्या घराला सांगायला नको. जांभळं चिरून बिया बाजूला, कारण बी राहिली तर तुरटपणा जिभेला चिकटून बसतो. गर बरणीत, वर 750 मिली जिन. बाटलीवर 42.8 टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, पण फळाचं पाणी सुटतं तसा तो आकडा खाली येतो. म्हणून गर कोंबायचा नाही, आणि एकही फोड वर तरंगत उघडी राहू द्यायची नाही. तिथेच बुरशी धरते.

(दृश्य : गच्ची, रखरखीत ऊन.)

गेल्या वर्षी फसलो ते इथे. "हाई काय शे रे?" मायने विचारलं. "सिरका," मी म्हणालो. निम्मंच खोटं! जांभळाचा सिरका आमच्याकडे होतोच. मग तिनं लोणच्याच्या हिशेबानं बरणी गच्चीवर नेऊन ठेवली. खानदेशातलं ऊन ते. चार दिवसांत जांभळा रंग तपकिरी पडला आणि वास शिजवलेल्या फळाचा. वर झाकण तापलेलं, आत पेट घेणारं मद्य, हे तर मला नंतर सुचलं.

यंदा बरणी कपाटात. रोज एकदा हलवायची, तिसऱ्या दिवसापासून चमच्यानं चाखायची. पाचव्या दिवशी आमची उतरली. मलमलच्या फडक्यातून काढली, गर पिळला नाही, पिळला की गढूळ होते. साखर आधी नाही, शेवटी, आणि तीही चवीपुरती.

मोसंबीची साल घालायची असेल तर पांढरा भाग खरवडून टाका आणि एका दिवसात काढा. नंदुरबारची मिरची घालायचा मोह झाला तर घड्याळ समोर ठेवा. मद्य तिखटपणा पाण्यापेक्षा कितीतरी वेगानं ओढतं. एक सुकी मिरची रात्रभर राहिली आणि आमची अख्खी बाटली शेवभाजीच्या रश्श्यासारखी झाली. ती कुणी प्यायलं नाही.

(दृश्य : ग्लास, बर्फ, वर लिंबाची फोड पिळताना.)

लिंबू पडलं की बघा, जांभळा रंग गुलाबी-लाल होतो. फळातल्या रंगद्रव्याचा आम्लाशी मेळ आहे हा.

आणि काढलेल्या बिया? त्या मायने ताटात पसरून गच्चीवर नेल्या आहेत. मधुमेहासाठी चूर्ण करणार म्हणते. त्या उन्हात ठेवायला माझी काहीच हरकत नाही.